सात यंत्रांची वही

"एवढे पैसे घालायचे आणि श्रवणयंत्र कपाटात पडून राहिलं तर?" हा प्रश्न मी इतक्या घरांतून ऐकलाय की पुढचं वाक्यही मला पाठ झालंय: "शेजारच्या काकांचं तसंच झालं." वडिलांसाठी मुलगा विचारतो, सासूसाठी सून विचारते, कधी कुणी स्वतःसाठी. लगेच दुसरा प्रश्न येतो, वीस हजारांच्या आणि सव्वा लाखाच्या यंत्रात फरक तो काय? मी श्रवणतज्ज्ञ (ऑडिओलॉजिस्ट) नाही, नाशिकमध्ये कुटुंबांचं समुपदेशन करते. पण या प्रश्नातला बराच भाग कानाचा नसतोच, हे मला नानांमुळे नीट कळलं. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. लिहायला त्यांची परवानगी आहे.)

नाना सत्तरीचे. सहकारी बँकेत ३४ वर्षं हिशेब सांभाळलेले. काकू त्यांना घेऊन आल्या त्या घरातल्या भांडणापायी. "वर्ष झालं, मॅडम. रोज नवं यंत्र, रोज नवा भाव. मुलगी म्हणाली पैसे मी देते, तर तिच्यावरच डाफरले. टीव्हीचा आवाज एवढा की खालच्या मजल्यावरून निरोप येतो."

नानांनी पिशवीतून वही काढली. लांबट, लाल पाठीची, जमाखर्चाची. त्यात सात यंत्रं आखलेली होती. ऑनलाइन मिळणाऱ्या १,८०० रुपयांच्या आवाज वाढवणाऱ्या डबीपासून २,६०,००० च्या जोडीपर्यंत. कानामागचं की कानाच्या आतलं, चॅनल (आवाज किती पट्ट्यांत वेगवेगळा जुळवता येतो तो आकडा) आठ की सोळा की अठ्ठेचाळीस, ब्लूटूथ, चार्जिंग, वॉरंटी, सगळ्याला रकाने. अक्षर मोत्यासारखं. मी ती वही मनापासून वाचली, कारण एवढी मेहनत माणूस उगाच करत नाही.

"यातलं कुठलं घेऊ, तेवढं सांगा."

"नाना, यात तुमच्या कानांचं पान कुठाय?"

"म्हणजे?"

"तपासणीचा आलेख. कुठल्या कानाला कमी येतं, कुठले आवाज कमी येतात."

नाना वहीची पानं उलटत राहिले, जणू ते पान कुठेतरी असेलच. काकू हळू म्हणाल्या, "तपासणी केलीच नाहीये. तीनदा वेळ घेतली, तीनदा मोडली."

त्या क्षणापाशी मी आजही थांबते. ज्या माणसाने आयुष्यभर मुद्दल माहीत असल्याशिवाय व्याज काढलं नाही, तो वर्षभर मुद्दलाशिवाय हिशेब करत होता. ही वही यंत्र निवडण्यासाठी नव्हती. ती तपासणी लांबवण्यासाठी होती. रकाने भरत राहायचे म्हणजे आपण काहीतरी करतोय असं वाटतं, आणि त्या खोलीत जाऊन हेडफोन लावून बसावं लागत नाही. मी हे त्यांना लगेच सांगितलं नाही. आपल्या अंतर्दृष्टीची घाई करू नये, हे मला उशिरा जमलं, पण जमलं.

पुढच्या भेटीला त्यांना एकटंच बोलावलं. "ही वही कधी सुरू केलीत?" त्यांनी तारीख सांगितली, अगदी वारासकट. आदल्या आठवड्यात सोसायटीची वार्षिक सभा झाली होती आणि नाना खजिनदार होते. लिफ्टच्या दुरुस्तीचा अंदाज सांगितला गेला साठ हजार, नानांनी लिहून घेतला आठ हजार, आणि तसाच वाचून दाखवला. सभेत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "नाना, आता हिशेब नातवाकडे द्या." दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला, कारण लिहिलं गुडघेदुखी.

"बँकेत एका रुपयाचा फरक पडला तरी आम्ही रात्री दहापर्यंत बसायचो," ते म्हणाले. "मी चुकत नाही, मॅडम."

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडलेली आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास तिची मांडणी केली, आणि महाराष्ट्रात ती चांगली रुजली आहे. इतर पद्धतींबद्दल मला आदर आहे, पण ज्येष्ठांबरोबर काम करताना हिच्याइतकी सरळ वाट मला दुसरी सापडलेली नाही. घटना माणसाला छळते त्याहून जास्त तिच्याविषयी मनात बसलेलं वाक्य छळतं. नानांच्या मनात अशी दोन वाक्यं होती. एक, 'माझी निवड शंभर टक्के बरोबरच असली पाहिजे.' दुसरं त्याच्याही खाली दडलेलं, 'कानाला यंत्र लागलं म्हणजे मी हिशेबातून वजा झालो.' पहिल्यामुळे वही संपत नव्हती, दुसऱ्यामुळे तपासणी सुरू होत नव्हती.

वाद घालून ही वाक्यं हलत नाहीत. मी त्यांना आठवड्याचं काम दिलं. तीन अनोळखी किंवा अर्धवट ओळखीच्या माणसांना मोठ्याने सांगायचं, "मला नीट ऐकू येत नाही, जरा समोर येऊन बोला." मग काय होतं ते वहीत लिहायचं.

आठवड्याने वही आली. "भाजीवाली: 'मेथी वीस, शेपू पंधरा' असं परत सांगितलं व पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. बँकेचा शिपाई: कागदावर लिहून दिलं. कट्ट्यावरचे गृहस्थ: मलाही डाव्या कानाने येत नाही म्हणाले." खाली एकच ओळ होती, दोनदा अधोरेखित केलेली: "विशेष काही घडले नाही."

मला आनंद लपवता आला नाही. विशेष काही घडत नाही, हे माणसाला स्वतःच्या हाताने लिहावं लागतं. दुसऱ्याच्या तोंडून ते पटत नाही.

त्याच आठवड्यात तपासणी झाली. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी डाव्या कानातला मळ काढला. मग ऑडिओलॉजिस्टने आलेख समजावला. दोन्ही कानांत ५०० हर्ट्झला, म्हणजे जाड आवाजांना, ३० डेसिबलची घट, फार नाही, पण ४००० हर्ट्झला, म्हणजे बारीक आवाजांना, ६५. रेघ उजवीकडे घसरत गेलेली. वयानुसार कमी होणारं ऐकणं बहुधा असंच जातं, आधी बारीक, उंच आवाज. स, श, फ, थ ही अक्षरं त्यात सापडतात, स्वर मात्र शाबूत राहतात. म्हणून 'ऐकू येतं पण कळत नाही' आणि 'सगळे पुटपुटतात' ही तक्रार. नानांनी फोन केला. "मॅडम, 'साठ'मधला 'स' गेला की उरतं काय?" मी थांबले. तेच म्हणाले, "आठ. मी बेसावध नव्हतो हो. तो 'स' माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता."

यंत्रांची खरी तुलना त्यानंतर सुरू झाली, आणि ती तीन आठवड्यांत संपली. ती कशी केली ते सविस्तर लिहिते, कारण बहुतेकांना तेच हवं असतं.

आम्ही वहीत यंत्रांआधी दिवस लिहिला. नानांचा दिवस म्हणजे घरी काकू आणि टीव्ही, संध्याकाळी कट्ट्यावर चारपाच जण, रविवारी पुण्याच्या मुलीचा फोन, महिन्यातून एखादा समारंभ. महाग यंत्रांत जे जास्तीचं असतं त्याचा बराच भाग गोंगाटात बोलणं वेगळं काढण्यासाठी असतो. ज्याचा दिवस शांत घरात जातो त्याला वरच्या पायरीचा फारसा फायदा जाणवेलच असं नाही. ज्याला रोज दुकानात, मीटिंगमध्ये बसायचंय त्याचं गणित वेगळं. एकच कंपनी एकाच पिढीचं यंत्र तीन-चार किमतींना विकते. फरक कशाचा ते विक्रेत्याला साध्या मराठीत सांगायला लावा. चॅनलचा आकडा ऐकून दबून जाऊ नका.

मग बोटं. नानांना मधुमेह, बोटांना मुंग्या. दहा नंबरची बॅटरी हरभऱ्याच्या डाळीएवढी, ती बसवताना माणूस वैतागतो आणि यंत्र कपाटात जातं. कपाटात जाण्याचं हे कारण किमतीपेक्षा फार जास्त वेळा दिसतं. त्यांच्यासाठी चार्जिंगचं, कानामागचं यंत्र ठरलं. 'दिसणार नाही असं' हा वहीतला रकाना त्यांनी स्वतः खोडला.

दोन्ही कान कमी असतील तर शक्यतो दोन्हींना यंत्र लागतं. एकाने दिशा कळत नाही आणि गर्दीत त्रास होतो. पैसे कमी असतील तर एक महागडं घेण्याऐवजी दोन साधी परवडतात का, हे ऑडिओलॉजिस्टला जरूर विचारा. ऑनलाइन डबीबद्दल मी स्पष्ट बोलते. ती बहुतेकदा सगळेच आवाज वाढवते, पंख्याचाही आणि कुकरचाही, तुमच्या आलेखाशी तिचा संबंध नसतो.

किमतीत काय धरलंय हे लेखी घ्या. पुढच्या जुळवणीच्या (यंत्र तुमच्या आलेखाप्रमाणे बसवण्याच्या) भेटी किती? घरी नेऊन वापरून बघता येईल का? बारीक नळी कानात घालून, कानाच्या आत यंत्राचा आवाज खरोखर किती पोचतो ते मोजतात का? दुसऱ्या शहरात, दुसऱ्या ऑडिओलॉजिस्टकडे ते जुळवून मिळेल, की यंत्र त्याच दुकानसाखळीला बांधलेलं आहे? समोरच्या माणसाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, तो बिलात दिसला तर विचारा.

पैशांची अडचण असलेल्यांसाठी वाटा आहेत. केंद्राच्या ॲडिप (दिव्यांगांना उपकरणं देणाऱ्या) योजनेत ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला आणि उत्पन्नाची अट असते. ज्येष्ठांना उपकरणं देणारी २०१७ची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या अल्प उत्पन्न गटाला एकदाच ३,००० रुपये मिळतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत तपासणी होते. आणि एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा: एखाद्या कानाचं ऐकणं एक-दोन दिवसांत अचानक गेलं, तर यंत्राचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. तिथे उशीर महागात पडतो.

नानांनी जोडी घेतली ७६,००० ची, यादीतली खालून तिसरी. पाच वर्षं धरून त्यांनी भाग लावला, रोजचे साधारण ४२ रुपये. "कपाटात ठेवलं तर एका दिवसाचे ७६ हजार," हेही त्यांनीच लिहिलं. पहिले पंधरा दिवस कठीण गेले. वर्तमानपत्राचा खडखडाट असह्य, स्वतःचा आवाज परका. घरात रोज दोन तासांपासून सुरुवात करून ते वाढवत गेले. ऑडिओलॉजिस्टने दोनदा जुळवणी बदलली. कान तयार झाले तरी मेंदूला त्या आवाजांची पुन्हा सवय व्हायला काही आठवडे लागतात, हे घरच्यांनीही धरून चालावं लागतं.

परवा काकू भेटल्या. लग्नाच्या हॉलमध्ये अजूनही नानांना नीट कळत नाही, बँजो सुरू झाला की तर काहीच नाही. तिथे ते आता भिंतीकडे पाठ करून कोपऱ्यातली खुर्ची धरतात आणि बोलणाऱ्याला समोर बसवतात. सोसायटीच्या नव्या खजिनदाराने सभेत आकडे फळ्यावर लिहायला सुरुवात केली आहे. ती सूचना नानांची.