लेकीला बायोलॉजी शिकायला अमेरिकेत पाठवावं का?

ताई, नमस्कार.

तुम्ही विचारलंत की लेक बारावी पीसीबी झाली, नीटमध्ये सरकारी कॉलेज मिळण्याइतके मार्क पडले नाहीत, पुन्हा बसायची तिची इच्छा नाही, आणि अमेरिकेतल्या एका लिबरल आर्ट्स कॉलेजनं (म्हणजे मुख्य विषयाबरोबर इतिहास, भाषा असं सगळंच शिकवणाऱ्या छोट्या कॉलेजनं) अर्धी फी माफ करून बायोलॉजीसाठी प्रवेश दिलाय. मानेवाड्याचा प्लॉट विकावा का? आणि शेवटी लिहिलंत, "तिथून पुढे डॉक्टर होता येईल ना?" हे वाचल्यावर हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले, कारण आमच्या घरी या प्रश्नाचं उत्तर कुणी कधी मोठ्यानं दिलं नाही.

मी नागपूरच्या धरमपेठेतली. बारावीनंतर ओहायोतल्या अशाच एका छोट्या कॉलेजात आले, आता इथंच सोयाबीनच्या रोगांवर काम करते. कॉलेजकडून येणारा आय-ट्वेंटी फॉर्म, परदेशी विद्यार्थ्यांची सेव्हिस नोंदणी, व्हिसाची फी, मुंबईतली मुलाखत हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर नीट दिलेलं आहे, त्यात शिरत नाही.

आधी डॉक्टरकीचं. अमेरिकेत मेडिकल म्हणजे पदवीनंतरची आणखी चार वर्षं. बरीच मेडिकल कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांचे अर्जच घेत नाहीत. जी घेतात, त्यातली काही पुढच्या वर्षांचे पैसे आधीच जमा दाखवायला सांगतात. परत येऊन एमबीबीएस करायचं तर पुन्हा नीट. त्यामुळे ही वाट डॉक्टरकीकडे जात नाही असं धरूनच चाला. माझे बाबा कित्येक वर्षं शेजाऱ्यांना सांगायचे, मुलगी अमेरिकेत मेडिकलला आहे. त्यांना ते खोटं वाटत नव्हतं. बायोलॉजी घेतलेली हुशार मुलगी दुसरं काय होणार, हे त्यांना सुचतच नव्हतं. आम्ही दोघांनीही तो विषय कधी काढला नाही, आणि ते मला अजून सलतं. म्हणून म्हणते, जाण्याआधी घरात सगळ्यांसमोर, आजी-आजोबांसमोरसुद्धा, एकदा स्पष्ट बोलून घ्या: ही डॉक्टर होणार नाही.

मग ती काय होणार? ते सांगायला मला जास्त आवडेल.

नागपुरात आम्ही प्रॅक्टिकलचं जर्नल लिहायचो. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. निष्कर्ष आधीच ठाऊक असायचा, आकृती पेन्सिलीनं काढायची, खाडाखोड झाली की पान पुन्हा लिहायचं. इथं पहिल्याच प्रॅक्टिकलला प्राध्यापिका म्हणाल्या, पेननं लिहा, चुकलं तर एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. वर्गात मोजकी मुलं, आणि प्रयोगशाळेत त्या स्वतः उभ्या, कारण या कॉलेजांत शिकवायला पीएचडीची मुलं नसतातच. पुढच्या वर्षी त्यांनी विचारलं, तुला काय शोधायचंय? मी म्हटलं, डिंक्या.

काटोलजवळ आमच्या मोठेबाबांची, म्हणजे थोरल्या काकांची, संत्र्याची बाग होती. बुंध्याला चीर पडून डिंक गळायचा, साल कुजायची, झाड पिवळं पडत पडत वाळायचं. पावसाळ्याआधी आम्ही पोरं बुंध्यांना मोरचूद-चुन्याचं बोर्डो मलम लावायचो. हाच डिंक्या, आणि हा रोग फायटोफ्थोराचा. आपण त्याला बुरशी म्हणतो, पण तो खऱ्या बुरशीपेक्षा समुद्रातल्या तपकिरी शेवाळाच्या जवळचा जीव. त्याच्या बीजाणूंना दोन शेपट्या असतात आणि ते पाण्यात पोहतात, म्हणून काळ्या जमिनीत पाणी तुंबलं की बाग धोक्यात येते. तो मातीतून पकडायचा कसा, हे मी त्या प्रयोगशाळेत शिकले. माती भांड्यात घ्यायची, वर पाणी, पाण्यावर ऱ्होडोडेंड्रॉनच्या पानाच्या चकत्या तरंगत ठेवायच्या. काही दिवसांत चकतीची कड काळपट होते. ती कापून वाढवली की सूक्ष्मदर्शकाखाली लिंबाच्या आकाराच्या पिशव्या दिसतात. पाणी गार केलं की त्या उघडतात आणि बीजाणू भराभर पोहत बाहेर पडतात. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला मोठेबाबांना लगेच फोन करावासा वाटला.

त्याच सत्रात इतिहासाचा तास होता. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाटा सडत गेला, त्यामागे याच फायटोफ्थोराचा भाऊबंद. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, आणि त्याच काळात तिथलं धान्य जहाजांनी बाहेर जात होतं. रोग बायोलॉजीत, उपासमार इतिहासात, आणि दोन्ही एकाच आठवड्यात. सरांनी विचारलं, तुमच्याकडचा दुष्काळ? नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं, तिथं १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ पडले, हे मी नागपूरची असून ओहायोच्या ग्रंथालयात बसून शिकले. बायोलॉजीचे पेपर एकूण अभ्यासाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतके असतात, बाकी हे असं. आपल्याकडे लोकांना ते वेळ वाया घालवणं वाटतं. मला मात्र सोयाबीनच्या शेतकऱ्याशी बोलताना तोच भाग जास्त उपयोगी पडतो.

लेकीनं अकरावीत गणित सोडलंय का? सोडलं असेल तर या उन्हाळ्यातच संख्याशास्त्र सुरू करायला लावा. इथली बायोलॉजी आकड्यांवर चालते. पीसीबीवाली मुलं पाठांतरात पुढे असतात आणि आलेख काढायची वेळ आली की अडकतात.

आता कागदपत्रं, ज्यांनी मला रडवलं. नववी-दहावीचे मार्क शाळेकडे, अकरावी-बारावीचे ज्युनिअर कॉलेजकडे. शाळेतले बाबू म्हणाले, "टीसी दिली न तुमची, आता आमच्याकडं काही नाही." ज्युनिअर कॉलेज खासगी क्लासशी टायअप असलेलं, दिवसभर क्लासमध्ये, त्यामुळे शिफारसपत्र लिहायला मला चेहऱ्यानं ओळखणारे सरच नव्हते. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, मग आपलं नाव, मग वडिलांचं. इथल्या ऑफिसनं माझं सगळं दप्तर बाबांच्या नावाखाली लावलं आणि अर्ज अपूर्ण म्हणून कळवलं. फीमाफीसाठी घरची मालमत्ता मागतात. आमच्या सातबाऱ्यावर सगळ्या काकांची नावं, हिस्सा वेगळा झालेला नाही, तर बाबांची मालमत्ता किती लिहायची? तुमचाही सातबारा सामाईक असेल, तर वकिलाकडून इंग्रजीत एक पानाचं स्पष्टीकरण करून ठेवा. दरवर्षी लागेल.

माहितीपत्रकात जे कुणी सांगत नाही ते आता. उन्हाळ्यात बायोलॉजीच्या मुलांना संशोधनासाठी पगारी जागा मिळतात, पण अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या पैशांतून चालणारा जो सगळ्यात मोठा कार्यक्रम आहे, तो फक्त अमेरिकन नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना. वर्गातली सगळी मुलं अर्ज भरत असतात आणि आपण बघत बसतो. कॉलेजच्या स्वतःच्या पैशांतून परदेशी मुलांना उन्हाळी काम मिळतं का, हे आत्ताच पत्र लिहून विचारा. पदवीनंतर एक वर्ष काम करता येतं, आणि कॉलेजनं बायोलॉजी विज्ञान म्हणून नोंदवली असेल तर वर आणखी दोन वर्षं. तेही लेखी घ्या, कारण पदवीवर बहुधा बी.ए. लिहिलेलं असेल.

या बी.ए.नं माझं आयुष्य फिरवलं. पदवी झाल्यावर मी परत आले होते. नागपुरातच एका संस्थेत संत्र्याच्या रोगांवरच्या प्रकल्पात जागा निघाली होती. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. खिडकीतल्या माणसानं प्रमाणपत्र पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, हे तं बी.ए. होय, इथं बी.एस्सी. पाह्यजे." मी सगळ्या पेपरांची यादी पुढे ठेवली, सेंद्रिय रसायनशास्त्रापासून जनुकशास्त्रापर्यंत. त्यानं फॉर्म परत केला. समकक्षतेचं प्रमाणपत्र हातात येईपर्यंत जागा भरली गेली. मग मी पीएचडीसाठी इकडे परतले, आणि राहिले. तो फॉर्म घेतला गेला असता तर मी आज काटोल रोडवर असते का, याचा विचार मी अजून करते. परत यायचं असेल तर समकक्षतेचं प्रमाणपत्र पदवी मिळताच काढून घ्या, नोकरीची वाट पाहू नका.

मोठेबाबांनी एकदा फोनवर विचारलं, "इतकं शिकली तू बाई, मंग सांग न, झाडाले काय लावू?" मी सांगितलं ते त्यांना आधीच माहीत होतं: पाण्याचा निचरा करा, बुंध्याशी पाणी लागू देऊ नका, मलम लावा. आता तिथं बाग नाही.

एकटेपणाचं विचारलंत. होतो. डिसेंबरात हॉस्टेल बंद करतात, राहायची परवानगी आधी मागावी लागते, तेवढं लक्षात ठेवा. बाकी मुली सावरतात. मला पुढचंच जास्त लागलं. मुलाला शाळेत घालताना फॉर्मवर विचारलं, घरी कोणती भाषा बोलता? मी मराठी लिहिलं. त्यावरून त्याला इंग्रजी येतं की नाही याची परीक्षा, मग वेगळा वर्ग, मग दरवर्षी तीच परीक्षा. तो जन्मापासून ओहायोत आहे. नवरा म्हणाला, इंग्रजी लिहून टाकायचं होतंस. मी बदललं नाही आणि बदलणारही नाही, पण शाळेची चिठ्ठी आली की अजून डोकं तापतं.

प्लॉट विकण्याआधी दोन गोष्टी करा. बंगळूरचं अझीम प्रेमजी आणि सोनीपतचं अशोका विद्यापीठ, दोन्हीकडे बायोलॉजीबरोबर इतर विषय शिकता येतात. आयसर म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, त्यांची स्वतःची प्रवेशपरीक्षा असते, आणि भोपाळचं आयसर आपल्याला पुण्यापेक्षा जवळ. लेकीला या तिन्हींचे अभ्यासक्रम वाचायला द्या आणि काय आवडलं ते तिलाच विचारा. तिचं उत्तर 'काहीही चालेल' असं आलं, तर अमेरिका नको.

दुसरं, फीमाफीचं पत्र पुन्हा वाचा. अशा बऱ्याच खासगी कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च आज ८० ते ९० हजार डॉलरच्या घरात जातो. अर्धी माफी फक्त शिकवणीच्या फीवर आहे की राहण्या-जेवण्यासकट? दरवर्षी फी वाढेल, तेव्हा माफीही वाढणार की आकडा तोच राहणार? किती मार्कांखाली ती बंद होते? हे पत्रात नसेल तर प्रवेश कार्यालयाला विचारा, आणि आलेलं उत्तर मला पाठवा. मी वाचून सांगते.