आधी एक पावसाळा जाऊ द्या

आठ कुटुंबं मिळून, आपापली घरं आणि एक सामाईक घर अशी वसाहत करायला मुळशीकडे जागा बघताय, छानच. पण आर्किटेक्टला एवढ्यात बोलावू नका. आधी एक अख्खा पावसाळा त्या जमिनीवर छत्री घेऊन फिरा. आम्ही आमच्या अशाच वसाहतीची जागा एप्रिलात पाहिली. सामाईक स्वयंपाकघरासाठी जिथे खुंट्या ठोकल्या, तिथून जुलैत घोटाभर पाणी वाहत होतं! मग गवंड्याकडची पाण्याची नळी आणून उतार मोजला, पाण्याच्या वाटा सोडल्या आणि उरलेल्या जागेत घरं बसवली. त्यात ओढ्याकाठचा उंबर आपसूक वाचला.

सात-बाराचा 'इतर हक्क' रकाना, म्हणजे जमिनीवरचं कर्ज किंवा दुसऱ्यांचे हक्क जिथे नोंदतात तो, स्वतः वाचा. शेतजमीन असेल तर घेणारा शेतकरी आहे का, बिनशेती परवानगीचं काय, हे विसार देण्याआधी वकिलाला विचारा.

डेन्मार्कमध्ये १९७२ साली सेटेडॅमेन ही अशीच वसाहत वसली, तेव्हापासून सगळ्यांनी एकत्र जेवायचं-बसायचं सामाईक घर हा अशा वसाहतींचा गाभा राहिलाय. ते कोपऱ्यात टाकू नका, रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवर हवं. गाड्या फाटकापाशीच थांबवा. यावर भांडणं होतील, आमच्याकडे चार बैठका झाल्या. शेवटी गुडघे दुखणाऱ्यांना पुढची घरं दिली आणि गॅस सिलिंडरसाठी एक हातगाडी घेतली.

आणि हो, प्रत्येक घराच्या ओट्यासमोरची खिडकी पायवाटेकडे ठेवा. भाजी चिरता चिरता "काय गं, चहा टाकू का?" एवढं तरी विचारता येतं. निवांत बसायचं असेल त्याला मागची पडवी आहेच.