फिल्म कूलिंगच्या प्रयोगात सीओटूचं प्रमाण मोजायला कोणता अ‍ॅनालायझर घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की टर्बाइन ब्लेडच्या फिल्म कूलिंगवर एम.टेक.चा प्रयोग आहे, कूलंटच्या हवेत सीओटू मिसळून भिंतीपाशी त्याचं प्रमाण मोजायचंय, बजेट बेताचं आहे, तर कुठल्या कंपनीचा अ‍ॅनालायझर घेऊ? (फिल्म कूलिंग म्हणजे ब्लेडच्या छिद्रांतून थंड हवा, म्हणजे कूलंट, सोडून पृष्ठभागावर तिचा थर धरणं; सीओटू मोजला की भिंतीपाशी कूलंट किती उरलाय ते कळतं.) कंपनी कुठलीही घ्या. इन्फ्रारेडवर चालणारा हवा, रेंज कूलंटमधल्या प्रमाणापेक्षा वर हवी आणि झिरो-स्पॅन, म्हणजे शून्य आणि ठरावीक प्रमाणाचा गॅस सोडून मीटर जुळवणं, तुमचं तुम्हाला करता आलं पाहिजे. खोलीतली हवा तपासायचे स्वस्त सेन्सर बहुतेक ५,००० पीपीएमपर्यंतच (पीपीएम म्हणजे दहा लाखांत इतके भाग; १ टक्का म्हणजे १०,०००) जातात, ते उपयोगाचे नाहीत. पण तुमचा प्रयोग बिघडला, तर तो अ‍ॅनालायझरमुळे बिघडणार नाही. मुख्य हवेमुळे, म्हणजे पृष्ठभागावरून वाहणाऱ्या ब्लोअरच्या हवेमुळे, बिघडेल. हे मी स्वतः पाहिलंय, म्हणून लिहायला बसले.

मी इन्स्ट्रुमेंटेशनची डिप्लोमा. आता अंबड एमआयडीसीत कॅलिब्रेशनचं काम करते. त्याआधी इथंच नाशिकमध्ये एका कॉलेजात प्रोजेक्ट असिस्टंट होते, तेव्हाची गोष्ट. आमच्या रिगचा (प्रयोगाच्या मांडणीचा) ब्लोअर खोलीतलीच हवा ओढायचा आणि खोलीतच सोडायचा. सपाट प्लेट, तिच्यात छिद्रांची एक रांग, पुढे भिंतीत, म्हणजे प्लेटमध्येच, सॅम्पल ओढायचे बारीक टॅप. कूलंट मिनिटाला १०० लिटर, त्यात २ टक्के सीओटू. छिद्राच्या व्यासाच्या ५ पट अंतरावरच्या टॅपपासून सुरुवात करायची आणि एकेक टॅप घेत ४० पटीपर्यंत जायचं. तीन तास सहज लागायचे. जानेवारी होता. नाशिकच्या जानेवारीत सकाळी हात गारठतात, त्यामुळे खिडक्या गच्च बंद.

आलेख फार सुंदर आला. छिद्रांजवळ अपेक्षेप्रमाणे, पण पुढे तो खाली यायलाच तयार नव्हता. शेवटच्या टॅपवर इफेक्टिव्हनेस (थर किती टिकलाय त्याचं माप; १ म्हणजे भिंतीवर नुसता कूलंट, ० म्हणजे अजिबात नाही) ०.१० च्या आसपास. प्रोजेक्टचे सर खूश. छिद्राच्या नव्या आकारामुळे थर भिंतीला धरून राहतो, असा त्यांनी अर्थ लावला आणि रिव्ह्यूला तेच दाखवलं.

एका दुपारी मी मोजणी संपल्यावर सीओटूचा व्हॉल्व्ह बंद केला, ब्लोअर तसाच चालू ठेवला आणि डबा खाऊन आले. आकडा बाहेरच्या हवेइतका, ४०० पीपीएमच्या आसपास यायला हवा होता. तो १,४०० वर थांबला होता. सरांना सांगितलं, तर म्हणाले, “झिरो सरकला असेल, झिरो करून घे.” मी नायट्रोजन सोडून पाहिला, शून्य. २ टक्क्यांचा स्पॅन गॅस सोडला, बरोबर २. मीटर खरं सांगत होता. मग खिडक्या आणि दोन्ही दारं उघडली, तेव्हा कुठे आकडा उतरायला लागला.

हिशोब वहीच्या मागच्या पानावर मावतो. खोली १० बाय ८ बाय ४ मीटर, म्हणजे ३२० घनमीटर. तिच्यात १,००० पीपीएम वाढायला ३२० लिटर सीओटू पुरतो. रिग मिनिटाला २ लिटर सोडते, म्हणजे १६० मिनिटं. वर आम्ही चौघं श्वास सोडत होतो, तो वेगळाच.

आता इफेक्टिव्हनेसच्या सूत्रात काय होतं ते बघा. भिंतीजवळचं प्रमाण वजा मुख्य हवेतलं, भागिले कूलंटमधलं वजा मुख्य हवेतलं. मुख्य हवा आम्ही कायम ४०० धरायचो. ती १,४०० असताना खरा इफेक्टिव्हनेस ०.०५ असेल, तर भिंतीवर २,३३० पीपीएम दिसतात. त्यातून ४०० वजा केले की उत्तर येतं जवळजवळ ०.१०. दुप्पट! शिवाय लांबचे टॅप आम्ही शेवटी मोजायचो, म्हणजे हवा सगळ्यात बिघडलेली असताना. घड्याळाने केलेली चूक छिद्राच्या आकाराच्या नावावर जमा होत होती.

दुसऱ्या दिवशी मी मोजणी उलटी केली, ४० पटीपासून सुरू करून ५ पटीपर्यंत. आलेखाची शेपटी खाली बसली. मी दोन्ही आलेख टेबलावर ठेवले, तर ऐकायला मिळालं, “रीडिंग तुम्ही घ्या, अर्थ आम्ही लावतो.” अहवाल जुन्याच आलेखावर गेला.

माझं तेव्हाही म्हणणं हेच होतं आणि आजही हेच आहे: जो नॉबला हात लावतो त्याला अर्थ लावायचा हक्क आहे, डिग्री काहीही असो. तुमच्या लॅबमध्ये टेक्निशियन असेल तर त्याला आकडा विचारू नका, आकडा कधी चुकीचा वाटला ते विचारा.

करायचं एवढंच. छिद्रांच्या अलीकडे मुख्य हवेचा एक टॅप काढा, कूलंटच्या प्लेनममध्ये (छिद्रांमागच्या पेटीत) एक, आणि सिलेक्टर व्हॉल्व्ह लावून प्रत्येक बिंदूला तिन्ही प्रमाणं एकाच मीटरवर मोजा. वजाबाकीत झिरोची चूक जाते, भागाकारात स्पॅनची. म्हणूनच म्हटलं, कंपनी कुठलीही चालेल. टॅपमधून सॅम्पल सावकाश ओढा, नाहीतर भिंतीपासून वरची हवाही ओढली जाते. सिलिकॉनची नळी वापरू नका, तिच्यातून सीओटू आरपार जातो, टेफ्लॉनची घ्या. आणि वहीत प्रत्येक ओळीपुढे वेळ लिहा, मला उलटी मोजणी सुचली ती त्या वेळांमुळेच.

एक राहिलं. २ टक्के हा नुसता ट्रेसर, म्हणजे माग काढायचा गॅस, आहे. खऱ्या इंजिनात कूलंटची घनता मुख्य वायूच्या दुपटीच्या आसपास असते. तिकडे झुकायचं असेल, तर शुद्ध सीओटू सोडावा लागतो, त्याने गुणोत्तर १.५ पर्यंत जातं. तेव्हा गॅस खोलीत साठू दिला नाही, तर मुख्य हवेची चूक नगण्य होईल, पण दुसरी उभी राहील: अ‍ॅनालायझर आकारमानाचं प्रमाण देतो, तुम्हाला वस्तुमानाचं हवं. आकारमानाने ५० टक्के म्हणजे वस्तुमानाने ६०. आणि तेवढा गॅस बंद खोलीत सोडू नका; आठ तासांच्या कामासाठी ५,००० पीपीएम ही मर्यादा मानतात. एक्झॉस्टचा पाइप आधी खिडकीबाहेर काढा, मग सिलिंडर मागवा.