मेथीचा वास आणि पिंपातली साय

मागच्या अंकात ज्युराबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. ज्यांनी ते वाचलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्युरा म्हणजे फ्रान्सच्या पूर्वेला, बर्गंडी आणि स्वित्झर्लंड यांच्या मधली डोंगरउताराची चिंचोळी पट्टी. द्राक्षबागा सुमारे 2,000 हेक्टर, म्हणजे फ्रान्सच्या हिशेबात चिमूटभरच. पण इथली ‘व्हँ जोन’, शब्दशः ‘पिवळी वाइन’, जगात दुसरीकडे होत नाही. बहुतेक प्रश्न तिच्याबद्दलच आहेत.

मेहुण्यांनी जिनिव्हाहून व्हँ जोनची बाटली आणली. उघडली तर अक्रोडाचा आणि चक्क मेथीदाण्याचा वास! खराब झाली असं समजून अर्धी बेसिनमध्ये ओतली. दुकानदाराने फसवलं का? (पुणे)

अहो, ओतण्याआधी एक फोन तरी करायचात! दुकानदाराने अगदी अस्सल माल दिला होता. तुम्हाला आलेला वास मनाचा खेळ नव्हता. मेथीदाण्याला त्याचा वास देणारं सोटोलॉन नावाचं रसायन या वाइनमध्येही मुरता मुरता तयार होतं. फ्रेंच लोक त्याला ‘करीचा वास’ म्हणतात, कारण त्यांना करी पावडर ठाऊक, मेथी वेगळी ठाऊक नाही. आपल्याला मात्र तो नेमका ओळखता येतो. मेथीचे लाडू खाणाऱ्या बाळंतिणीच्या खोलीत जो वास भरून राहतो, तोच हा, फक्त अक्रोडाची आणि हिरव्या सफरचंदाची जोड मिळालेला.

उरलेली अर्धी अजून असेल तर टाकू नका. बूच लावून ठेवा. इतर वाइन उघडल्यावर दोन-तीन दिवसांत मान टाकतात, ही काही आठवडे टिकते. जी सहा वर्षं हवेसोबत राहिली तिला आता हवेची काय भीती? आणि फ्रिजमधून काढून लगेच ओतू नका. 14 ते 16 अंशांवर प्या. थंडगार प्यायलात तर हातात नुसता आंबटपणा येईल.

आम्हाला शिकवलं आहे की टाकी काठोकाठ भरा, वाइनला हवा लागू देऊ नका. मग ज्युरावाले पिंप मुद्दाम थोडं रिकामं ठेवतात ते कसं? आणि आपल्याकडे करून पाहता येईल का? (निफाड)

तुम्हाला शिकवलं ते बरोबरच आहे. जगभर, आणि ज्युरातल्याही बाकीच्या बहुतेक वाइनना, तोच नियम. पिंपातून जेवढं उडून जातं तेवढं वरचेवर भरत राहायचं. व्हँ जोनसाठी हे भरणं बंद करतात.

द्राक्ष एकच चालतं, साव्हान्याँ. उशिरा पिकणारं, जाड सालीचं, आंबटपणा धरून ठेवणारं. रस आंबवून झाला की वाइन साधारण 228 लिटरच्या ओकच्या जुन्या पिंपात जाते. पातळी हळूहळू उतरते, वर जागा होते आणि वाइनच्या पृष्ठभागावर यीस्टचा पापुद्रा धरतो. तापवलेल्या दुधावर साय धरते ना, डोळ्यांपुढे तेच आणा. फ्रेंच त्याला ‘व्वाल’, म्हणजे ओढणी म्हणतात. ही साय हवेतला ऑक्सिजन स्वतः वापरते, त्यामुळे खालच्या वाइनपर्यंत तो मोजका पोहोचतो. शिवाय ती अल्कोहोलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करते. अक्रोड-सफरचंदाची छटा बरीचशी तिथून येते.

नियम असा की वाइन कापणीनंतरच्या सहाव्या वर्षाच्या 15 डिसेंबरपर्यंत पिंपात राहिली पाहिजे, आणि त्यातले निदान 60 महिने या सायीखाली. एवढा काळ पिंप ढवळायचं नाही, भरायचं नाही, हलवायचं नाही. पण ‘काही करायचं नाही’ म्हणजे झोपा काढायच्या असं नव्हे. साय अशक्त झाली की व्हिनेगर करणारे जिवाणू टपलेलेच असतात. म्हणून पिंपाला बसवलेल्या छोट्या तोटीतून, वरच्या सायीला धक्का न लावता, अधूनमधून नमुना काढून प्रयोगशाळेत तपासतात. जे पिंप बिघडायला लागलंय ते वेळीच बाजूला काढून साधी साव्हान्याँ म्हणून भरायचं किंवा शार्दोने या दुसऱ्या पांढऱ्या द्राक्षाच्या वाइनमध्ये मिसळायचं. फारच हाताबाहेर गेलं तर व्हिनेगर.

स्पेनच्या शेरी वाइनमध्येही अशीच साय असते, पण तिथे वरून मद्यार्क घालून वाइन 15 टक्क्यांवर नेतात. ज्युरात वरून काही घालत नाहीत.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ज्युरात ही पिंपं पुष्कळदा खोल तळघरात नाही, तर हवेशीर खोलीत किंवा माळ्यावर असतात. हिवाळ्यात कडाक्याची थंडी, तेव्हा साय निजते. ऊब आली की पुन्हा जोर धरते. निफाडचा एप्रिल-मे तसल्या खोलीत काढायचा म्हणजे व्हिनेगरलाच आमंत्रण. वातानुकूलित खोली केलीत तर होईलही काहीतरी, पण सहा वर्षं भांडवल अडकणार आणि वर विजेचं बिल. एखादं पिंप हौसेखातर जरूर ठेवा. कर्ज काढून नको.

बाटली 750 मिलीऐवजी 620 मिलीचीच का? (ठाणे)

एक लिटर वाइन पिंपात ठेवली तर सहा वर्षांनी एवढीच उरते, असा तिथला हिशेब. या बुटक्या, रुंद खांद्यांच्या बाटलीला ‘क्लाव्हलँ’ म्हणतात. व्हँ जोन दुसऱ्या बाटलीत भरत नाहीत.

आम्ही तीन पिढ्या बेदाणा करतो. फ्रान्समध्ये बेदाण्याची वाइन होते म्हणे? (तासगाव)

होते, आणि तीही ज्युरातच. ‘व्हँ द पाय’, म्हणजे पेंढ्यावरची वाइन. पण तुमचा बेदाणा आणि त्यांचं सुकवणं यांत फरक आहे. तुम्ही डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवून शेडवर टाकता, पंधरवड्यात माल तयार. ते काहीही न लावता निरोगी घड निवडतात आणि पेंढ्यावर, जाळीच्या ट्रेमध्ये किंवा टांगून निदान सहा आठवडे ठेवतात. वारा खेळला पाहिजे, पण खोली तापवायला बंदी. मणी पूर्ण सुकवत नाहीत, सुरकुतू देतात. मग 100 किलोंमागे जेमतेम 15 ते 18 लिटर रस निघतो. मधासारखा. तीन वर्षं मुरवून अर्ध्या बाटलीत विकतात. एका कुजक्या मण्याने अख्खा ट्रे जातो, हे तुम्हाला मी काय सांगणार!

लुई पाश्चर आणि ज्युरा यांचा संबंध काय? (छत्रपती संभाजीनगर)

तो तिथलाच. जन्म ज्युरातल्या दोल गावचा, 1822 चा. बालपण आर्ब्वा गावात. वाइन का बिघडते याचा अभ्यास त्याने 1860 च्या दशकात याच गावातल्या वाइनवर केला. पुढे आर्ब्वाजवळ स्वतःची द्राक्षबागही घेतली. 1878 मध्ये तिथल्या काही वेली काचघरात बंद केल्या आणि दाखवून दिलं की बाहेरून यीस्ट आलं नाही तर रस आपोआप आंबत नाही.

जेवणात कशासोबत? (कोल्हापूर)

तिथे उत्तर ठरलेलं: मुरलेलं कोंते चीज आणि अक्रोड, नाहीतर व्हँ जोन आणि दुधाची साय घालून शिजवलेला कोंबडा, त्यात मोरेल, म्हणजे आपल्याकडची हिमालयातली गुच्छी. पण कोल्हापूरकरांनी चीज शोधत कशाला फिरायचं? पांढरा रस्सा आहे ना! खसखस, खोबरं, काजू यांच्याशी ही वाइन छान जुळते. तांबड्याच्या वाटेला मात्र नेऊ नका, तिखटापुढे दोघांचंही नुकसान.

लेकीकडे फ्रान्सला जातोय. कुठली बाटली आणू, आणि जपून ठेवली तर किती टिकेल? (डोंबिवली)

व्हँ जोन तीस-चाळीस युरोंच्या खाली मिळणं कठीण. टिकण्याची काळजी तुम्ही करू नका, नातवंडं करतील. 1774 सालच्या द्राक्षांची एक बाटली 2018 मध्ये लिलावात 1,03,700 युरोंना गेली. हात सैल सोडायचा असेल तर ‘शातो-शालों’ घ्या. कड्यावरचं छोटं गाव आहे, त्या नावाखाली फक्त व्हँ जोनच होते. द्राक्षं मनासारखी उतरली नाहीत तर तिथले लोक त्या वर्षी ते नाव लावतच नाहीत. 1974, 1980, 1984 आणि 2001 मध्ये असं झालं. तेव्हा यातलं एखादं साल आणि शातो-शालों हे नाव एकाच लेबलवर दिसलं, तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडा.