सबस्टेशनमधले चिनी मातीचे खांब माणसाहून उंच कशाला? वीतभर पुरणार नाही का?

सोलापूरच्या बाहेर सबस्टेशनच्या कुंपणातून तुम्हाला विजेच्या तारा जमिनीपासून वर धरणारे तपकिरी खांब दिसले आणि पोर्सिलेन, म्हणजे ही चिनी माती, वीज अडवायला एवढं पक्कं असताना वीतभर तुकड्यावर का भागत नाही, असं तुम्ही विचारलंय. गणित केलं तर वीतसुद्धा जास्त होते. २२० केव्हीच्या (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) लाइनच्या तीन तारांपैकी एकीवर, म्हणजे एका फेजवर, जमिनीच्या मानाने १२७ केव्ही असतात, लाटेच्या टोकाला १८०. कोरडी हवा सेंटीमीटरला ३० केव्ही सोसते. म्हणजे सहा सेंटीमीटर झाले! आणि आमच्या यार्डातला पोस्ट इन्सुलेटर, म्हणजे तोच खांब, २.३ मीटरचा.

मी यार्डात मेंटेनन्सला आहे. हा प्रश्न मलाही पहिल्या आठवड्यात पडला होता.

पोर्सिलेन फोडून आरपार जायच्या भानगडीत वीज सहसा पडत नाही. ती बाहेरून, हवेतून किंवा अंगावरून उडी मारते. त्यात तो ३० चा आकडा दोन सपाट पत्र्यांमधल्या छोट्या फटीचा. लांब अंतरात, टोकदार क्लॅम्प आणि बोल्ट असताना, हवा सेंटीमीटरला पाचेक केव्हीवरच हार मानते. शिवाय रोजच्या १८० ला कोण विचारतो? लाइनवर वीज कोसळली की क्षणभर येणारा दाब सोसायला हवा, म्हणून या खांबाची चाचणीच १०५० केव्हीच्या झटक्याने होते. १०५० ला पाचाने भागा, दोन मीटरच्या वर जाता. उंचीचा हिशोब इथेच मिटला.

पण माझ्या मते खरा शत्रू आकाशातली वीज नाही, धूळ आहे. खांबाला त्या छत्र्या असतात ना, एकीखाली एक? त्या साडीच्या निऱ्यांसारख्या. धुळीच्या भागात केव्हीला २५ मिलिमीटर, अशी खांबाच्या अंगावरून विजेची वाट लांब ठेवतात. २२० च्या सिस्टीमचा कमाल दाब २४५, म्हणजे सहा मीटरच्या वर वाट झाली. ती अडीच मीटरच्या आतल्या खांबात बसवायची तर निऱ्या घालाव्याच लागतात. पावसात छत्रीची खालची बाजू कोरडी राहते, हा आणखी एक फायदा.

आता आपल्याकडची हवा बघा. ज्वारीच्या रानातली धूळ, हंगामात कारखान्यांची काजळी. शटडाऊन घेऊन, अर्थिंग लावून, ओल्या फडक्याने छत्रीची खालची बाजू पुसली की फडकं एका फेरीत काळं होतं. वरची बाजू पावसाने धुतलेली, लोणच्याच्या बरणीसारखी चकचकीत. खालची मात्र खरखरीत. ही धूळ कोरडी असेपर्यंत निमूट असते. जानेवारीत पहाटे दव पडलं की तिच्यातले क्षार विरघळतात आणि खांबाच्या अंगावरून बारीक करंट वाहू लागतो. त्याच्या उष्णतेने मध्येच एखादा पट्टा सुकतो, सगळा दाब त्या पट्ट्यावर येतो आणि ठिणगी पडते. एका पहाटे साडेचारला फेरी मारताना मी हे बघितलंय: छत्र्यांच्या बुडाशी निळसर किडे वळवळावेत तसं, आणि तव्यावर थेंब पडल्यासारखा चर्र आवाज. त्या दिवशी धुण्याचं काम पंधरा दिवस पुढे ढकललेलं होतं. वीस मिनिटांत एक फेज गेला.

म्हणूनच मुसळधार पावसापेक्षा रिमझिम वाईट. मोठा पाऊस धूळ धुऊन नेतो, रिमझिम तिचा चिखल करते. जूनमध्ये दोन थेंब पडले की लाईट जाते म्हणून सोलापूरकर आम्हाला शिव्या घालतात, त्यातलं एक कारण हेच. सगळंच नव्हे; उन्हात तापून तडकलेल्या पिन इन्सुलेटरमध्ये (रस्त्यावरच्या खांबांवरचा छोटा इन्सुलेटर) पाणी शिरून तो पंक्चर होतो, म्हणजे वीज त्याच्या आरपार जाते, तेही असतंच.

जानेवारीत, सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत कधी पहाटे त्या रस्त्याने गेलात तर गाडी बंद करून कुंपणाबाहेर मिनिटभर थांबा. दव पडलं असेल तर तो चर्र आवाज तिथवर येतो.