कोकणात जागा बघताय? आधी पाणी, मग उतार

कोकणात जागा घेऊन घर बांधायचं आणि स्वावलंबी राहायचं, हा बेत चांगला आहे, जरूर करा. फक्त श्रावणातली हिरवाई बघून विसार देऊ नका. नवखे बहुतेक तिथेच फसतात. तीच जागा मे महिन्यात बघा. वर्षाला 3000 मिमी पाऊस पडूनही सच्छिद्र जांभ्या दगडातून पाणी झरून जातं आणि एप्रिलपासून विहिरी तळ गाठतात. दोरीला दगड बांधून विहिरीत सोडा, ओली झालेली दोरी मोजा. दोन तास पंप चालवा, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजा. पातळी भरून आली नसेल तर जागा सोडून द्या, कितीही स्वस्त असली तरी. गावात टँकर येतो का, हे विकणाऱ्याला नाही, पाणवठ्यावरच्या बायकांना विचारा.

मग उतार. जुलै 2021मध्ये महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली, जुलै 2023मध्ये खालापूरच्या इरशाळवाडीवर. बुंध्याशी वाकलेली झाडं, जमिनीला चंद्रकोरीसारख्या भेगा, अचानक गढूळ झालेला झरा दिसला की तिथे घर नको. नदीकाठी पूररेषेचा नकाशा बघा: निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. घर लाल रेषेबाहेरच.

एवढं जमलं तरच पुढे:
- शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा दाखला लागतो. सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना (जमिनीवर दुसऱ्या कुणाचा हक्क किंवा बोजा आहे का) नीट वाचा.
- वहिवाटीची पायवाट म्हणजे रस्ता नव्हे. तो कागदावर हवा.
- सर्पदंशावरचं प्रतिविष (अँटी-व्हेनम) असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं ते विचारा आणि भर पावसात, रात्री तिथवर किती वेळ लागतो ते गाडीने जाऊन बघा.

सोलर, बायोगॅस, धान्याच्या कोठ्या हे सगळं नंतर.