खुंटाळं घरीच करायचं तर

प्रश्न : काका, नमस्कार. आमच्या फ्लॅटच्या दाराशी रेनकोट, दप्तरं, हेल्मेट आणि कापडी पिशव्यांचा नुसता ढीग असतो. चिकटवायचे हूक लावून पाहिले, ते भिंतीच्या रंगासकट खाली आले. आता लाकडाचं साधं खुंटाळं स्वतः करावं म्हणते. घरात ड्रिल मशीन, करवत आणि हातोडी आहे, रंधा नाही. लाकूड कोणतं घेऊ? आणि खुंट्या हलू नयेत म्हणून काय करू?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : ताई, तेवढ्या हत्यारांत काम होतं. रंध्यासाठी अडू नका, फळी वखारीतूनच रंधून घ्या. तुम्हाला भवानी पेठेतलं टिंबर मार्केट आहेच. पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान मिळालं तर सोडू नका. ते वाळून वाळून शांत झालेलं असतं, आता पिळणार नाही. फक्त आत मोडलेले खिळे नाहीत ना, एवढं बघा. चार फूट लांब, साडेतीन इंच रुंद, सहा सूत (म्हणजे पाऊण इंच) जाड अशी फळी मागा आणि कडेवर डोळा लावून ती सरळ आहे का ते दुकानातच तपासा. वखारवाला वैतागला तर वैतागू दे.

चार फुटांत सहा खुंट्या. दोन खुंट्यांत आठ इंच, दोन्ही टोकांना चार-चार इंच. गजरे लटकवायचे असते तर आणखी दाटीवाटी चालली असती, पण हेल्मेट आणि दप्तर शेजारी-शेजारी यायचं तर आठ इंच हवेतच.

खुंटीसाठी झाडूचा दांडा कापायचा मोह होईल. करू नका. ते लाकूड बहुधा मऊ असतं आणि त्याचे रेषे तिरके धावतात. दप्तराचा हिसका बसला की खुंटी नेमकी फळीच्या तोंडाशी मोडते. सरळ रेषांच्या सागवानाचा किंवा बाभळीचा चार इंची तुकडा घ्या, पटाशी किंवा कोयता लावून रेषांच्या अंगाने फोडा. करवतीने कापलेल्यापेक्षा फोडलेली खुंटी जास्त ताण घेते, कारण तिचे रेषे या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड असतात. मग चौकोनाचा अष्टकोन, अष्टकोनाचा गोल. कानस आणि पॉलिश पेपर पुरे. एवढी खटपट नको असेल तर कातारी, म्हणजे लाकूड कातून गोल करणारा कारागीर गाठा, तो बोंड काढलेल्या सुबक खुंट्या करून देईल. बाभूळ घेतलीत तर एक लक्षात ठेवा : ओला पांढरा कपडा तिच्यावर टाकू नका, डाग पडतो.

आता मुख्य गोष्ट. खुंटीचे तुकडे फळीपेक्षा कोरडे हवेत. फोडून झाले की पंधरा दिवस उन्हाच्या खिडकीत ठेवा. कोरडी खुंटी भोकात गेली की पुढे पावसाळी हवेत फुगते आणि आपोआप आवळते. ओली बसवलीत तर उन्हाळ्यात आकसते आणि मग कितीही फेविकॉल ओता, ती खुळखुळणारच. गोंद हा खुंटीचा सोबती, आधार नव्हे.

भोक पाच सुताचं, स्पेड बिटने (ड्रिलचं चपट्या पात्याचं टोक), आणि किंचित तिरकं, म्हणजे खुंटीचं टोक वर उचललेलं राहील. किती तिरकं? फुटाला इंच. एक फुटाच्या लाकडी तुकड्यावर एका टोकाला एक इंच चढ काढा, त्या उतारावर कापा. तो ठोकळा फळीवर टेकवून मशीन त्याच्या अंगाने धरा. सगळ्या खुंट्या एकाच रोखाने निघतील. मागे टाकाऊ लाकूड घट्ट दाबून धरा, नाहीतर बिट बाहेर पडताना फळीच्या पाठीच्या ढलप्या निघतात.

खुंटी आरपार घाला आणि मागून पाचर मारा. त्यासाठी खुंटीच्या शेपटाला आधीच अर्धा इंच खोल करवतीचा काप घेऊन ठेवायचा. हा काप भिंतीवर फळी आडवी असताना उभा आला पाहिजे. आडवा आला तर पाचर फळीच्या रेषांना फाकवते आणि फळी लांबीच्या दिशेने चिरते. सागवान तेलकट असतं, म्हणून गोंद लावायच्या अगदी आधी शेपूट पॉलिश पेपरने घासून घ्या. पाचरीचा ठोका बद्द वाजायचा थांबून टणक वाजला की हात आवरा. मागे आलेलं शेपूट कापून सपाट करा.

अमेरिकेत शेकर नावाचा एक धार्मिक पंथ आहे. त्यांच्या जुन्या घरांत खोलीच्या चारी भिंतींना अशीच पट्टी असे, आणि लोक झाडताना खुर्च्यासुद्धा उलट्या करून तिच्यावर टांगत. तेव्हा तुमच्या दप्तराची काळजी नको. काळजी भिंतीची करा. फ्लॅटमध्ये खुंटाळं पडतं ते बहुतेक खुंटीमुळे नव्हे, तर भिंतीतल्या गिट्टीमुळे, म्हणजे स्क्रू धरून ठेवण्यासाठी भोकात बसवतात त्या प्लगमुळे. छोटं भोक पाडून भुकटी बघा. लाल आली तर वीट, साधी गिट्टी चालेल. करडी-पांढरी, पिठासारखी आणि ड्रिल सहज आत गेलं तर एएसी ब्लॉक, म्हणजे नव्या इमारतींतल्या हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या विटा. तिथे ड्रिलचा हॅमर (ठोके देणारं बटण) बंद ठेवा आणि त्या ब्लॉकसाठी मिळणारी वेगळी, लांब गिट्टी आणा. ड्रिल पुढेच जाईना तर काँक्रीट, हॅमर लावा. स्क्रू तीन इंची घ्या : पाऊण इंच फळी खाते, पाऊण इंचापर्यंत प्लॅस्टर, उरलेला दीड इंच खरा कामाचा. दोन टोकांना एकेक आणि मध्ये एक, असे तीन. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक मात्र अजिबात नको, वायर तिथूनच गेलेली असते.

ओले रेनकोट टांगणार, म्हणून लाखेचं पॉलिश नको, पाण्याने पांढरं पडतं. जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात द्या. तेलाचा बोळा चुरगळून डब्यात टाकू नका. तो आपोआप तापून पेट घेतो. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

प्रश्न : आमच्या चिरेबंदी घरात ओटीवरच्या जुन्या खुंट्या भोकात गोल फिरायला लागल्यात. सिमेंट भरू का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आधी एक खुंटी ओढून काढा आणि शेपूट पाहा. पोखरलेलं असेल तर वाळवी आहे, त्यावर उपाय आधी. नवी खुंटी फणसाच्या गाभ्याची करा, पिवळ्या जर्द लाकडाची. कडेचं फिकट लाकूड तासून टाका. शेपूट चार-पाच इंच आणि चौकोनी ठेवा, म्हणजे फिरायचा प्रश्नच मिटला. बाजूंनी लाकडाच्या पातळ पाचरी ठोका आणि फटी चुन्याने भरा. सिमेंट टाळा. ते चिऱ्यापेक्षा कडक होतं आणि पुढच्या वेळी खुंटी काढायची तर चिराच फुटेल.

प्रश्न : फळीऐवजी घरात पडलेला प्लाय चालेल?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : एकोणीस मिलीमीटरचा असेल तर चालेल. कडांना लाकडी पट्टी मारा. बारा मिलीमीटरचा असेल तर दोन थर चिकटवून घ्या.